सोळा खणांचा ट्रे

आमच्या वर्कशॉपमध्ये केळीची फणी हे मोजमापाचं साधन होतं. हसू नका. वायरलेस कीबोर्ड आणि त्याचा रिसिव्हर यांच्यामध्ये माणूस आला की सिग्नल मार खातो, कारण माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. मोठ्या कंपन्यांत म्हणे त्यासाठी आत द्रव भरलेले पुतळे असतात. आमच्याकडे जळगावात केळी होती. मालकांच्या यावलच्या बागेतून आठवड्याला एक घड यायचा. त्यातली हिरवी फणी टेबलाच्या मधोमध उभी करायची, अलीकडे कीबोर्ड, पलीकडे रिसिव्हर, आणि मोजायचं. पिकलेली फणी चालायची नाही, आकडे हलायचे. ती आम्ही खायचो.

मालकांना सगळे नाना म्हणत. मीही म्हणायचे, पण माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. तो माझा कोणत्याच मालकावर नसतो. एमआयडीसीतली दोन खोल्यांची जागा, सोल्डरिंगला पाच बायका आणि डिझाइनला मी एकटी. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, राहणार पिंप्राळा. संध्याकाळी आमच्या बुद्धविहारातल्या युवक मंडळाची पत्रकं लिहायचं कामही माझंच. नळाला पाणी नाही, शिष्यवृत्तीचे अर्ज अडलेत, स्मशानाच्या रस्त्यावर कुणी भिंत घातलीय, काहीही असो. पत्रकाची एक शिस्त असते. दोषी कोण, हे तिसऱ्या ओळीच्या आत आलं पाहिजे, नाहीतर माणूस त्या कागदात भजी बांधतो. मला दोषी पटकन सापडायचा. लोक कौतुक करायचे.

काम आलं होतं सुरतच्या एका व्यापाऱ्याकडून. कीबोर्ड आणि माऊस तो बाहेरून आणायचा, वर स्वतःचं नाव छापायचा, रिसिव्हर मात्र त्याला इथे बनवून हवा होता, आणि तो नखाएवढा हवा होता. आधीचे रिसिव्हर बोटाच्या पेराएवढे असत. लॅपटॉप पिशवीत घातला की अडकायचे, वाकायचे, तुटायचे. त्याची मागणी रास्तच होती. तरी मी नानांना विचारलं, "इथेच का? सुरतेत इंजिनिअर नाहीत?"

"आहेत. पण ते तुझ्यासारखे प्रश्न विचारत नाहीत, म्हणून तो कंटाळला असेल," नाना म्हणाले.

नखाएवढा म्हणजे काय, ते सांगते. यूएसबीचं तोंड धातूचं असतं. अँटेनाजवळ धातू आला की ती बहिरी होते. म्हणजे बहिरं करणाऱ्या डब्याच्या तोंडाशीच कान बसवायचा. हा कान म्हणजे बोर्डावरची तांब्याची एक बारीक रेघ. ती ठरलेल्या लांबीचीच लागते आणि जागा तर नाही, म्हणून ती कुरडईसारखी वळवत बसवावी लागते. एक वळण जास्त झालं तर ऐकू येणं बंद. वरचं प्लॅस्टिकचं टोपण जाड झालं तरी सूर बदलतो. चार महिने मी हीच कुरडई घालत होते. बोर्ड यायचा, लावायचा, फणी उभी करायची, आकडा बघायचा, बोर्ड फेकायचा. शेवटी रेघेचं टोक बोर्डाच्या कडेवरून टोपणाच्या आत वर चढवलं आणि एका दुपारी फणीच्या पलीकडून सहा फुटांवरचं अक्षर न् अक्षर आलं.

सोल्डरिंगच्या बायकांतली सगळ्यात जुनी बाई तो रिसिव्हर बोटांवर घेऊन म्हणाली, "अगं, ही तर कानातल्याची फिरकी झाली. खाली पडली तर झाडून टाकशील."

मला त्याचा गर्व झाला होता. लपवत नाही.

आता ट्रेचं सांगते, कारण सगळं तिथे आहे. वायरलेस कीबोर्ड हवेत ओरडत असतो. प्रत्येक अक्षराआधी तो आपला नंबर सांगतो आणि रिसिव्हर फक्त आपल्या नंबरवाल्याचंच ऐकतो. ही जोडी आम्ही लावायचो; त्यासाठी कीबोर्डचे आतले बोर्ड सुरतेहून आमच्याकडे यायचे. सुताराकडून एक लाकडी ट्रे करून घेतला होता, सोळा खणांचा. प्रत्येक खणात एक रिसिव्हर आणि त्याच्या कीबोर्डचा बोर्ड ठेवायचा, झाकण दाबायचं, सोळा जोड्या एकदम लागायच्या. प्रोग्राम माझा. कुठला खण नापास झाला ते बायकांना पडद्यावर चटकन दिसावं, म्हणून मी खणाचा नंबर तोच जोडीचा नंबर ठेवला. पहिला खण एक, सातवा खण सात. पास झालेल्या रिसिव्हरवर त्या नेल पॉलिशचा गुलाबी ठिपका द्यायच्या. खरा, मोठा, प्रत्येकाला वेगळा नंबर नंतर घालू असं मी ठरवलं होतं. मग व्यापाऱ्याची घाई सुरू झाली आणि मी मनाशी म्हटलं, सोळा पुष्कळ झाले. एका घरात कीबोर्ड असतो एक. शेजारच्या घरात असला तरी मध्ये भिंत असते.

एका घरात एक. हे कुठून आलं माझ्या डोक्यात? पॉलिटेक्निकमध्ये एका संगणकावर आम्ही तिघी बसायचो. आमच्या घरी संगणक नाही. पण गिऱ्हाईक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जाहिरातीतला माणूस आला. एक टेबल, एक दिवा, एक झाड कुंडीतलं. आमच्यासारख्यांसाठी पत्रकं लिहिणारी मी, आणि वस्तू बनवताना आमच्यासारखे मला आठवलेच नाहीत.

ट्रे भरत गेला, रिकामा होत गेला. माल सुरतेला गेला.

काही महिन्यांनी अक्का आली. अक्का माझी मावसबहीण, पिंपळनेरची, माझ्याहून बरीच मोठी. तिथे एका झेरॉक्सच्या दुकानात ती लोकांचे अर्ज टाइप करते. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं येतात, वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, आणि ते बोलत असतानाच ती टाइप करते. त्यांचं बोलणं संपतं तेव्हा अर्ज संपलेला असतो. धुळ्यातल्या एका संस्थेत लिपिकाची जागा निघाली होती. संस्थेने टायपिंगची चाचणी शहरातल्या एका खाजगी क्लासमध्ये ठेवली होती. वयाची अट होती आणि पुढच्या भरतीला अक्का तिच्या बाहेर जाणार होती. म्हणजे हीच एक संधी.

पिंप्राळ्याच्या आमच्या घरात तिने पर्स उघडली, घडी घातलेला छापील कागद काढला आणि खाटेवर ठेवला. चाचणीचा तिचा कागद. लाल गोलच गोल. नापास.

"हाई मन्ही चूक नही शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. एवढंच.

"काय झालं नीट सांग."

"मी टाइप करत होते. मधेच एक अक्षर आपोआप उमटायचं. मी दाबलेलंच नाही असं. ते खोडायला गेले की दुसरं. सरांना हाक मारली तर म्हणे, वेळ चालू आहे, हात चालू ठेवा. नंतर म्हणाले, गावाकडच्या बोटांना सवय नसते, होतं असं."

"असं म्हणाला? गावाकडच्या बोटांना?"

"कसाले ओरडस? मी बहिरी शे का?"

मी ओरडत होते. मला तो सर समोर दिसत होता, मी त्याला पाहिलेलं नसताना. त्याने अर्जावरचा जातीचा रकाना पाहिला असणार, मुद्दाम खराब यंत्र दिलं असणार, जागा कुणाला द्यायची ते आधीच ठरलं असणार. मी वही ओढली आणि मथळा लिहिला: 'टायपिंगच्या चाचणीत जात बघता का?' दुसरी ओळही लिहिली. तिसरीत सर आला.

अक्काने वहीवर हात ठेवला. "माले नोकरी पाहिजे, पत्रक नही." मग साध्या मराठीत, मला समजावं म्हणून सावकाश म्हणाली, "संस्थेच्या बाईंना भेटून आले मी. यंत्रात दोष होता असं लेखी आलं, बनवणाऱ्याचं पत्र असलं, तर पुन्हा बसू देतील. आठ दिवसांच्या आत. त्यातले दोन गेले."

मी तो कागद घेतला. पत्रकांची प्रुफं वाचून माझ्या हाताला एक सवय लागलीय, चुकीची अक्षरं एका बाजूला क्रमाने लिहून काढायची. उतारा सार्वजनिक वाचनालयावरचा होता. अक्काच्या शब्दांत घुसलेली अक्षरं मी वहीत एकाखाली एक लिहिली. वा. च. मग ल, य. मग थोड्या अंतराने वे, ळ. पुढे स, द, स्य. मी उताऱ्यात पुढे पाहिलं. अक्का दुसऱ्या परिच्छेदात होती तेव्हा हे कुणीतरी तिसऱ्या परिच्छेदात होतं. 'वाचनालयाची वेळ', मग 'सदस्य'. अर्धीमुर्धी, पण क्रमाने.

"अक्का, ही तुझी चूक नाहीच. कुणीतरी दुसरं तुझ्या पडद्यावर टाइप करत होतं."

"मुद्दाम?"

"मुद्दामच. नाहीतर कसं?"

इतका पक्का पुरावा माझ्या हाती आजवर आला नव्हता. माझा संशय खरा ठरला याचा मला, खरं सांगते, आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. एरंडोल, पारोळा करत आम्ही दोघी धुळ्याला पोचलो. क्लास एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. लांबट खोली, दोन रांगा, चोवीस संगणक, मांडीला मांडी लागेल इतके जवळ. सर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. माझ्या पिशवीकडे बघूनच म्हणाले, "पत्रकं वाटणार असाल तर खाली वाटा."

"तुम्ही ओळखता मला?"

"जळगावच्या पत्रकवाल्या. माझ्या भाच्याच्या कॉलेजबद्दल लिहिलं होतं तुम्ही."

"खरं लिहिलं होतं."

"निम्मं," सर म्हणाले. "बसा."

बसले नाही. कागद टेबलावर ठेवला, अक्षरं दाखवली. "हिच्या शेजारी कोण बसलं होतं आणि त्याच्या कीबोर्डला काय केलंत?"

"काय करणार? चोवीसच्या चोवीस एका दुकानातून, एका दिवशी घेतलेत. तेवीस चांगले आणि एकालाच भूत लागलं?"

"ते तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? चाचणीच्या आदल्या दिवशी सगळे काढून, पालथे करून झटकले. ज्याचा त्याचा रिसिव्हर रबर बँडने ज्याला त्याला बांधून ठेवला होता. परत लावले. जागा बदलल्या असतील, जोड्या नाही बदलल्या. मी पण डोळे उघडे ठेवून काम करतो ताई."

"आणि गावाकडची बोटं?"

सरांनी चष्मा खाली घेतला. "म्हणालो. म्हणायला नको होतं. पण म्हणालो."

तो नाकारेल आणि मग मी भांडेन, अशी माझी तयारी होती. हे उत्तर मला नको होतं.

अक्का तिच्या त्या दिवशीच्या जागेवर जाऊन उभी राहिली. "हे बघ, हेच." मागचा सॉकेट बिघडला होता म्हणून तिच्या संगणकाला रिसिव्हर समोरून लावला होता, बाकीच्यांचे मागे, लोखंडी डब्याआड. मी वाकले. कीबोर्डवर सुरतच्या व्यापाऱ्याचं नाव. सॉकेटमध्ये कानातल्याच्या फिरकीएवढा एक काळा तुकडा. त्यावर गुलाबी ठिपका.

मी तो उपसला. टोपणाच्या कडेला नख घातलं. आत माझी कुरडई होती.

"काय दिसलं?" अक्काने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांना संशय आला होता, आणि तो बरोबर होता. मी रिसिव्हर परत लावला, टेबलावरचा कागद उचलला, "बघून कळवते" असं काहीतरी पुटपुटले. धुळ्याच्या बसस्थानकावर अक्का पिंपळनेरच्या गाडीत चढली. खिडकीतून तिने पुन्हा विचारलं, "तुले काय समजनं?" मी म्हटलं, "विचार करते आहे." गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ज्या बहिणीसाठी मी भांडायला गेले होते, तिची गाडी गेली म्हणून सुटल्यासारखं.

जळगावपर्यंत मी दुसरा दोषी शोधत होते. व्यापारी. त्याने नंबर बदलले असतील. त्याने आमचे रिसिव्हर दुसऱ्याच कुणाकडून उतरवून घेतले असतील. ठिपका कुणीही लावू शकतो. नाना. नानांनी माझ्या पाठीमागे प्रोग्राम बदलला असेल. संशय घेणं मला येतं, त्यामुळे पारोळ्यापर्यंत तीन माणसं तयार होती.

सकाळी वर्कशॉपमध्ये आधी गेले. कपाटात परत आलेल्या मालाच्या पेट्या होत्या. ट्रेच्या दोन वेगवेगळ्या खेपांतले, दोन वेगवेगळ्या महिन्यांचे, सातव्या खणातले दोन कीबोर्ड काढले. शेजारी शेजारी मांडले. एकाचा रिसिव्हर समोरून लावला. दुसऱ्या कीबोर्डवर बोट ठेवलं आणि 'क' दाबला.

पडद्यावर क आला.

कोपऱ्यातला घड ताजा होता. एक फणी तोडून मध्ये उभी केली. क आला, मग आला नाही, मग दोनदा आला. माणसाच्या पलीकडून ऐकू यावं म्हणून चार महिने घासलेली अँटेना. ती माणसाच्या पलीकडून ऐकत होती. चोवीस कीबोर्डांच्या खोलीत सोळा नंबर म्हणजे निदान आठ जणांचा जुळा तिथेच असणार. इतके दिवस ते जुळे लांब लांब बसले असतील. झटकून परत लावले, आणि अक्काचा जुळा तिच्या मांडीला लागून आला. बाकीचे रिसिव्हर लोखंडाआड होते म्हणून अर्धबहिरे. हिचाच समोर होता.

नाना आले, तेव्हा मी फणीसमोर बसले होते.

"मोजतेस काय अजून? काम संपलं की ते."

मी सांगितलं. मग, सवयीने, विचारलंही: "तुम्हाला माहीत होतं?"

"मला?" नाना खुर्चीत बसले. "बाई, मला तो प्रोग्राम उघडता येत नाही. सोळा नंबर कुणी ठरवले?"

"मी."

"मग मला काय विचारतेस?"

पहिल्या ट्रेपासून आतापर्यंत पाठवलेला सगळा माल असाच आहे, हे मी त्यांना समजावलं. जे चुकून ऐकू येतं ते कुणी मुद्दामही ऐकू शकेल. क्लासमधल्या पोराने पासवर्ड टाकला तर तो पलीकडच्या पडद्यावर उमटेल. नाना ऐकत होते आणि खिशातला फोन काढून परत ठेवत होते.

"असं कर," ते शेवटी म्हणाले. "त्या क्लासला चोवीस नवे पाठवू, गुपचूप. कागद नको. कागद गेला की सुरतवाला पुढचा माल थांबवेल, आणि त्या आत बसलेल्या पाच जणी घरी जातील. तुझ्या मंडळाच्या पत्रकात तेही लिहिशील ना?"

हा डाव होता की खरी काळजी, मला आजही सांगता येत नाही. मालकाच्या तोंडी कामगारांची काळजी आली की मी सावध होते. पण आतल्या खोलीतून सोल्डरचा वास येत होता आणि त्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या.

"माझ्या बहिणीला पत्र लागतं, नाना. कीबोर्ड नाही."

"दुसऱ्यावर लिहायला तुला कधी माझी परवानगी लागली नाही. हे मात्र माझ्या लेटरहेडवर हवं?"

"हो. 'बनवणाऱ्याचं' असं म्हटलंय त्यांनी."

त्यांनी लेटरहेडचं एक पान काढून दिलं, पण सही करणार नाही म्हणाले. "तू बनवलंस, तू कर." जुनी सोल्डरिंगवाली बाई दारात कधी आली होती कोण जाणे. म्हणाली, "ठिपके आम्ही दिलेत. आमचं पण नाव घालतेस का?" ती चिडून विचारत होती की धीर द्यायला, तेही कळलं नाही. मी म्हटलं, "नाही, तुम्ही केलेल्या तपासणीत तो पासच होता. तपासणी मी चुकीची दिली."

अक्काला फोन करायला मला आणखी एक दिवस लागला. आठातला पाचवा दिवस.

"तो रिसिव्हर मी बनवलेला आहे," मी म्हणाले. "परवा क्लासमध्येच ओळखला होता. बोलले नाही."

पलीकडे झेरॉक्स मशीनचा आवाज येत राहिला. कुणीतरी तिला विचारत होतं, दोन प्रती की तीन.

"तूच?"

"मीच."

पुन्हा मशीन. मग अक्का म्हणाली, "मंग आते लिख. आते तुन्हं लिखनं कामनं शे."

पत्र लिहायला मला जितका वेळ लागला तितका एकाही पत्रकाला लागला नाही. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक कारणामुळे' असा शब्द आला. हा शब्द कुणी वापरला की मी त्याच्या नावाने बोंब मारते. खोडला. दुसऱ्यात 'असे निदर्शनास आले' असं लिहिलं. कुणाच्या निदर्शनास? खोडलं. शेवटी लिहिलं: या रिसिव्हरची रचना मी केली आहे. मी फक्त सोळा नंबर वापरले. त्यामुळे शेजारच्या कीबोर्डची अक्षरं उमेदवाराच्या पडद्यावर आली. तिने ती दाबलेली नाहीत. खाली सही.

सहाव्या दिवशी मी एकटीच धुळ्याला गेले, सोबत नानांच्या पेटीतले दोन 'सात' पिशवीत. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि मग कागद उजेडात धरून बघितला, नकली नोट बघावी तसा.

"का देताय हे?"

"कारण खरं आहे."

"तीन दिवसांपूर्वी माझ्यावर पत्रक काढायला निघाला होतात. आज स्वतःवर काढलंत. मध्ये काय झालं? कुणी सांगितलं द्यायला?"

"कुणी नाही."

"तुमच्या मालकाशी काही वाद? माझा क्लास त्यात ओढताय?"

मी दोन्ही कीबोर्ड काढून लावले आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही त्या जागेवर बसून टाइप करा, मी हात लावत नाही." ते बसले. त्यांनी स्वतःचं आडनाव टाइप केलं. माझ्या बाजूच्या पडद्यावर त्यातली तीन अक्षरं उमटली. सर उठले, टेबलाखाली वाकले, वायर आहे का ते चाचपलं, पिशवीही उघडायला लावली. मी उघडली. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

"ठीक," ते म्हणाले. "मी शिक्का मारून संस्थेकडे पाठवतो. पण एक ओळ घाला. क्लासचा यात दोष नाही."

मी पेन हातात धरून थांबले. दोष नव्हता, हे खरं. गावाकडची बोटं म्हणाला होता, हेही खरं. एक खरं लिहून द्यायचं आणि दुसरं गिळायचं. मी म्हटलं, "तिने हाक मारली तेव्हा तुम्ही यंत्र बघितलं असतं, तर त्याच मिनिटाला कळलं असतं. तेही लिहू का?"

"लिहा," सर म्हणाले. "मग मी शिक्का मारणार नाही."

मागे भिंतीवर घड्याळ होतं, आणि संस्थेचं कार्यालय पाचला बंद होत होतं. मी लिहिलं, 'यात क्लासचा दोष नाही.' त्यांनी शिक्का मारला. त्या ओळीवर माझी सही आहे आणि ती मला आजही टोचते. पण ती ओळ अक्काच्या नोकरीची होती, माझी नव्हती.

संस्थेने तिला आणि तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला, दोघांनाही पुन्हा बोलावलं. सरांनी चार वायरवाले कीबोर्ड कुठून तरी आणले होते. सुरतवाल्याने पुढचा माल थांबवला, मग नवे नंबर घातल्यावर पुन्हा सुरू केला. मधल्या दीड महिन्यात दोन बायका दुसरीकडे कामाला गेल्या. जुना माल परत मागवायला तो तयार झाला नाही. घरात कोण बघतं, म्हणाला. मी त्यावर पत्रक काढलं. पहिल्या ओळीत सोळा नंबर कुणाचे ते लिहिलं, म्हणून लोकांनी पुढे वाचलं. नाना माझ्याशी कामापुरतं बोलतात.

अक्का पास झाली. आता ती रोज दहाला त्या संस्थेत असते. मला आठवतो तो मात्र फेरचाचणीच्या दिवशीचा दारातल्या काचेपलीकडचा देखावा. मला आत येऊ दिलं नव्हतं. अक्कानेच सांगितलं होतं, "तू बाहेरच थांब."

ती जागेवर बसली. कीबोर्ड उचलून वायर शेवटपर्यंत बोटाने तपासली. सर म्हणाले, "सुरू?" तिने मान हलवली, नाही. शेजारच्या मुलाला म्हणाली, "भाऊ, तू आधी एक ओळ टाइप कर." त्याने सरांकडे पाहिलं. मग तो टाइप करू लागला. अक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वतःच्या कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. त्याची ओळ संपली. "अजून एक," ती म्हणाली. त्याने तीही केली. पडदा कोराच होता. तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली, मग पदर खोचला आणि म्हणाली, "लावा आता घड्याळ."